दिलेली अक्षरं असलेला लांबात लांब मराठी शब्द कसा शोधायचा: नियम, शोध आणि पडताळणी

गणपतीत आरती आणि भजनाच्या मधल्या वेळेत, शाळेत मराठी भाषा गौरव दिनाला, वाचनालयाच्या वर्धापनदिनाला कोकणात एक खेळ हमखास होतो. फळ्यावर चार अक्षरं लिहायची आणि ती चारही ज्यात आहेत असा लांबात लांब शब्द सांगायला लावायचं. दुसऱ्या फेरीत शब्दाऐवजी म्हण किंवा वाक्प्रचार. खेळ साधा, पण दर वेळी दोन गोष्टी बिघडतात. एक, निकालाच्या वेळी वाद होतो, कारण अक्षर कसं मोजायचं हे आधी ठरलेलंच नसतं. दोन, मुलं आधी लांब शब्द आठवतात आणि मग त्यात ती अक्षरं आहेत का ते बघत बसतात. शब्दसंग्रह चांगला असलेली मुलंही या उलट्या क्रमामुळे मागे पडतात, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

खाली सगळे टप्पे ज्या क्रमाने करायचे त्याच क्रमाने दिले आहेत. पहिले तीन टप्पे खेळ घेणाऱ्यांनी आदल्या दिवशीच उरकायचे. खेळणाऱ्यांनीही ते वाचावेत, कारण अर्धे गुण तिथेच जातात.

टप्पा १: लांबी कशात मोजायची ते ठरवा

मराठीत शब्दाची लांबी तीन प्रकारे मोजता येते आणि तिन्हींची उत्तरं वेगळी येतात. 'रत्नागिरी' घ्या.

अक्षरांनी मोजलं तर र, त्ना, गि, री अशी ४. व्यंजनांनी मोजलं तर र, त, न, ग, र अशी ५. संगणकाला विचारलं तर तो काना, वेलांट्या आणि जोडाक्षरातला लपलेला हलन्त (पाय मोडल्याची खूण) सुद्धा वेगळा धरतो आणि ९ सांगतो.

आता शेजारी 'कणकवली' ठेवा. अक्षरं ५, व्यंजनं ५, संगणकाच्या हिशेबाने ६. म्हणजे अक्षरांनी मोजलं तर कणकवली लांब, संगणकाने मोजलं तर रत्नागिरी लांब, आणि व्यंजनांनी मोजलं तर दोन्ही सारखे. तीन परीक्षक तीन पद्धतींनी मोजत असतील तर निकाल लागणारच नाही.

माझं मत स्पष्ट आहे: अक्षरांनी मोजा. जोडाक्षर कितीही मोठं असलं तरी ते एकच अक्षर. 'राष्ट्रीय' मधलं 'ष्ट्री' एक. अनुस्वार आणि विसर्ग वेगळे मोजायचे नाहीत, ते ज्या अक्षरावर आहेत त्यातच धरायचे. मुलांना ही पद्धत बोलताना ऐकू येते आणि बोटांवर मोजता येते. व्यंजनांची मोजणी मोठ्यांच्या फेरीत ठेवायला हरकत नाही, पण मग तसं फळ्यावर लिहा.

*तपासा:* खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांकडून 'सिंधुदुर्ग' मोजून घ्या. सगळ्यांचं उत्तर ४ आलं (सिं, धु, दु, र्ग) की पुढे जा. कुणाचं ५ आलं तर त्याने बहुधा अनुस्वार किंवा रफार वेगळा मोजलाय.

टप्पा २: अक्षर शब्दात 'आहे' म्हणजे काय

सर्वात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

नियम असा ठेवा: अक्षर कोणत्याही रूपात आलं तरी चालेल. काना-मात्रेसह, अर्धं, जोडाक्षराच्या पोटात, कसंही. 'क' मागितला असेल तर 'निष्काळजी' मधल्या 'ष्का' मध्ये तो आहे.

'र' सगळ्यांना फसवतो, कारण तो वेगवेगळ्या वेशात येतो. 'सिंधुदुर्ग' मध्ये तो रफार होऊन डोक्यावर बसलाय, 'समुद्र' मध्ये पायाशी तिरका आहे, 'राष्ट्र' मध्ये खाली दोन पायांची टोपी झालाय, 'किनाऱ्यावर' मध्ये य च्या आधी वळणदार रेघ झालाय. या चारही ठिकाणी र आहे. मात्र 'कृपा', 'गृह', 'दृढ' यांत र नाही, ती ऋ ची खूण आहे. 'ग्रह' मध्ये र आहे, 'गृह' मध्ये नाही. हे दोन शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवा, म्हणजे पुढचा वाद टळतो.

अनुस्वाराचा उच्चार न, म, ण असा होत असला तरी लिहिलेलं तेच धरायचं. 'सिंधुदुर्ग' मध्ये न नाही. 'आंबोळी' मध्ये म नाही. कुणी 'आम्बोळी' असं लिहून म मिळवायला बघेल, तर तो आजच्या लेखनात बसत नाही.

क्ष आणि ज्ञ यांचं काय? क्ष म्हणजे क आणि ष, ज्ञ म्हणजे ज आणि ञ. तरी वर्णमालेत मुलं त्यांना स्वतंत्र अक्षरं म्हणून शिकतात. 'परीक्षा' मध्ये क धरायचा का, याला एकच बरोबर उत्तर नाही. मुलांच्या गटात धरू नका, मोठ्यांच्या गटात धरा. दोन्हीपैकी काहीही चालेल, फक्त आधी सांगितलेलं असलं पाहिजे.

आणि हे विसरू नका: ख म्हणजे क नव्हे, ध म्हणजे द नव्हे, ळ म्हणजे ल नव्हे. बोलण्यात न-ण आणि ल-ळ यांची अदलाबदल होते, म्हणून अक्षरं तोंडी सांगू नका. मोठी करून लिहा. घ-ध, भ-म, थ-य आणि ष-प या जोड्या घाईच्या अक्षरात एकसारख्या दिसतात, तेव्हा फळ्यावर लिहिणारा माणूस नीट अक्षराचा निवडा.

टप्पा ३: कोणते शब्द चालतील

मराठी शब्दाला शेपट्या लावत गेलं तर तो कुठेच थांबत नाही. 'समुद्रकिनारा' सहा अक्षरांचा आहे. त्याचं 'समुद्रकिनाऱ्यावरच्यांसाठीसुद्धा' केलं की तेरा अक्षरं होतात आणि व्याकरणात त्यात काही चूक नाही. हे मोकळं सोडलं तर ज्याला शब्दयोगी अव्ययं जास्त माहीत तो जिंकतो, शब्द शोधण्याची गंमत राहत नाही. म्हणून विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं बंद. शब्द मूळ रूपात, कोशात असतो तसा.

पण 'पणा', 'दार', 'करण', 'गिरी' असे नवा शब्द घडवणारे प्रत्यय चालू ठेवा. इथे एक बारीक अडचण येते. 'पणा' लागून झालेला प्रत्येक शब्द कोशात वेगळा दिलेला नसतो. तेव्हा मूळ विशेषण कोशात असलं आणि घडवलेला शब्द लोक वापरत असले, तर मान्य. 'मोकळेपणा' सगळे म्हणतात. 'काळवंडलेपणा' कुणी म्हणत नाही, फक्त सात अक्षरं भरावीत म्हणून तो घडवलेला असतो. असे शब्द नाकारा.

विशेषनामं चालणार की नाही तेही सांगून टाका. 'गणपतीपुळे' आणि 'हरिहरेश्वर' प्रत्येकी सहा अक्षरांचे आहेत. गावांची नावं चालू ठेवली तर कोकणातली मुलं खुलतात, आणि ती नकाशा धरून पाठ करता येतात. पण मग माणसांची नावं बंद ठेवा, नाहीतर आडनावांची रांग लागेल.

बोलीतल्या शब्दांबद्दल माझा आग्रह आहे की ते घ्यावेत. मालवणी घरात वाढलेल्या मुलाला रापण, तिरफळ, शिरवाळे हे शब्द आधी सुचतात, ते नाकारून त्याला गप्प बसवू नये. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात कोकण, राजापूर, कुडाळ आणि गोमंतकाकडचे कितीतरी शब्द कंसातल्या खुणांसह दिलेले आहेत, तेव्हा पुरावाही मिळतो.

राहता राहिली मधली रेघ. 'भरती-ओहोटी', 'कापणी-मळणी' यांसारखे जोडशब्द एक शब्द धरायचे की दोन? एक धरा. खेळ मोकळा होतो.

*सावधान:* यातला एकही नियम खेळ सुरू झाल्यावर बदलायचा नाही. कुणी कितीही छान शब्द सांगितला तरी.

टप्पा ४: शोधाआधीची तयारी

एक वही करा. फोन आहे की, असं वाटेल, पण पावसात वाडीतली लाइट जाते, रेंज जाते, आणि स्पर्धेत फोन बाहेर ठेवावा लागतो. शिवाय हाताने लिहिलेलं डोक्यात राहतं.

वहीत शब्द पहिल्या अक्षरानुसार लावू नका. ही सवय कोशामुळे लागते आणि इथे ती उपयोगाची नाही, कारण दिलेलं अक्षर शब्दात कुठेही असू शकतं. मराठी शब्द ळ ने सुरू होत नाहीत आणि ण ने जवळजवळ कधीच नाहीत, म्हणजे पहिल्या अक्षराने लावलेल्या वहीत ही दोन पानं कोरीच राहतील. आणि खेळात तीच अक्षरं सर्वात जास्त दिली जातात.

त्याऐवजी वहीचे दोन भाग करा.

पहिला भाग शेपट्यांचा, म्हणजे शब्दाच्या शेवटी येणाऱ्या तुकड्यांचा. प्रत्येक शेपटी फुकटात काही अक्षरं देते. 'पणा' देते प आणि ण. 'करण' देते क, र, ण. 'वणूक' देते व, ण, क. 'गिरी' देते ग आणि र, 'दार' देते द आणि र, 'खोर' देते ख आणि र, 'पूर्वक' देते प, र, व, क. एकेका शेपटीखाली निदान वीस शब्द जमवा: फसवणूक, मिरवणूक, अडवणूक, पिळवणूक, छळवणूक अशी रांग लावत जा.

दुसरा भाग दुर्मीळ अक्षरांचा. र, त, क, न, व, य, ल, म, स ही अक्षरं सगळीकडे सापडतात, त्यांची काळजी करू नका. अडवतात ती ठ, थ, छ, घ, झ, ढ, फ. यांतल्या बऱ्याच जणांची ठरलेली घरं आहेत आणि ती पाठ असली की निम्मं काम होतं:

ठ पुष्कळदा ष च्या सोबतीला असतो: निष्ठा, प्रतिष्ठा, श्रेष्ठ, कनिष्ठ. त्यातून पुढे प्राणप्रतिष्ठा (५), प्रतिष्ठापना (५), कर्तव्यनिष्ठा (५).

थ हा स्थ आणि र्थ यांत लपतो: अवस्था, व्यवस्था, अर्थ, विद्यार्थी. 'अर्थव्यवस्था' मध्ये तो दोनदा आहे. 'अव्यवस्थितपणा' सात अक्षरांचा, हा जवळ ठेवाच.

छ च्या आधी अर्धा च बघा: इच्छा, स्वच्छ, तुच्छ, स्वेच्छानिवृत्ती (५).

ढ साठी मूढ, दृढ, गाढ, आषाढ. सगळ्यात लांब 'किंकर्तव्यविमूढ': किं, क, र्त, व्य, वि, मू, ढ, पूर्ण सात अक्षरं, आणि त्यात क, र, त, व, य, म सगळे आहेत.

घ साठी दीर्घ, विघ्न, उद्घाटन. फ आणि झ मात्र संस्कृत वळणाच्या शब्दांत कमी आणि घरगुती शब्दांत जास्त: फेरफटका, फसवाफसवी, फटकळपणा, झगमगाट. त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून आजीशी बोला.

ङ आणि ञ खेळात देऊच नका. ङ साठी वाङ्मय आणि पराङ्मुख याच्या पलीकडे फारसं काही हाती लागत नाही, आणि ञ भेटतो तो जवळजवळ फक्त ज्ञ मध्येच.

टप्पा ५: प्रत्यक्ष शोध, एक उदाहरण पूर्ण करून

दिलेली अक्षरं: क, ळ, ण, प. वेळ पाच मिनिटं.

*पायरी एक: सर्वात अडचणीचं अक्षर ओळखा.* इथे ते ळ. बाकी तिघं सहज मिळणारे आहेत. ज्या शब्दात ळ नाही त्याचा विचारसुद्धा करायचा नाही. 'कोकणपट्टी' किती छान वाटला तरी सोडून द्या, त्यात वेळ गेला की गेला.

*पायरी दोन: उरलेल्यांपैकी जास्तीत जास्त अक्षरं देणारी शेपटी शोधा.* 'पणा' दोन अक्षरं देते, प आणि ण. 'वणूक' दोन देते, ण आणि क. नुसती 'णी' फक्त ण देते, म्हणून ती शेवटी बघू.

*पायरी तीन: शेपटी धरून उरलेली अक्षरं असलेला मूळ शब्द शोधा.* 'पणा' घेतलं तर उरले क आणि ळ. प्रश्न आता सोपा झाला: क आणि ळ असलेली विशेषणं कोणती? मोकळा, काळा, कोवळा, बाष्कळ, फटकळ, कळकट, कनवाळू, काटकुळा, निष्काळजी. भराभर सुचतात, कारण चार अक्षरांऐवजी डोक्यात दोनच आहेत.

त्यातून झाले मोकळेपणा (५), बाष्कळपणा (५), फटकळपणा (६), कळकटपणा (६), कनवाळूपणा (६), काटकुळेपणा (६), निष्काळजीपणा (६).

'वणूक' घेतलं तर उरले प आणि ळ: पिळवणूक (५). शेवटी 'णी' ची बाजू: कोळपणी (४), हा घाटावरच्या शेतीतला शब्द. मधली रेघ चालत असेल तर भातशेतीतलं 'कापणी-मळणी' (६).

*पायरी चार: सर्वात लांब दोन निवडा, एक नाही.* एक बाद झाला तर दुसरा हाताशी हवा. इथे मी 'निष्काळजीपणा' आणि 'फटकळपणा' देईन, कारण दोन्ही रोजच्या वापरातले आहेत, परीक्षकाला शंका येणार नाही. 'काटकुळेपणा' तेवढाच लांब असला तरी त्यावर चर्चा होऊ शकते.

या टप्प्यातल्या नेहमीच्या चुका:

'अवखळपणा' सांगणं. ळ आहे, प आहे, ण आहे, आणि ख ला क समजून गडबड झालीय. दर वेळी कुणीतरी हा शब्द सांगतंच.

'मोकळापणा' लिहिणं. आकारान्त विशेषणाला 'पणा' लागताना शेवटचा आ जाऊन ए येतो: मोकळा-मोकळेपणा, कोवळा-कोवळेपणा. चुकीचं रूप बाद होतं.

पाचही मिनिटं एकाच शेपटीवर घालवणं. दीड मिनिटात मनासारखं काही आलं नाही तर दुसरी शेपटी घ्या.

*तपासा:* एकच अक्षर दोनदा मागितलं असेल तर वेगळं मोजा. 'क दोनदा' असं असेल तर वरच्या यादीत फक्त 'कळकटपणा' आणि 'काटकुळेपणा' टिकतात.

टप्पा ६: म्हणी आणि वाक्प्रचारांची फेरी

इथे हिशेब बदलतो. कोशात वाक्प्रचार 'णे' ने संपतात: होणे, घालणे, मारणे. म्हणजे ण आपोआप मिळतो. दिलेल्या अक्षरांत ण असेल तर तो खोडून टाका आणि उरलेल्या तिघांकडे बघा. म्हणींना ही सवलत नाही.

तीच चार अक्षरं घेऊ. ण सोडला की क, ळ, प उरले. ळ वरून शरीराचे अवयव आठवा, मराठी वाक्प्रचारांचा मोठा साठा तिथेच आहे: डोळा, कपाळ, काळीज, गळा. 'कपाळ' या एका शब्दात क, प, ळ तिघंही आहेत, म्हणून कपाळाचा 'णे' ने संपणारा प्रत्येक वाक्प्रचार चालतो. 'कपाळाला हात लावणे' नऊ अक्षरांचा. 'काळजाचे पाणी पाणी होणे' दहा अक्षरांचा. आणि 'पायाखालची वाळू सरकणे': पा, या, खा, ल, ची, वा, ळू, स, र, क, णे, अकरा. समुद्रावर लाट परतताना जो अनुभव येतो तोच या वाक्प्रचारात आहे, आणि किनाऱ्यावरच्या मुलांना तो सर्वात आधी सुचायला हवा.

वाक्प्रचार बदलायचा नाही. 'डोळ्यात तेल घालून पहारा देणे' यात क नाही. तो मिळावा म्हणून 'पहारा करणे' असं कुणी केलं तर अर्थ तोच राहतो, पण वाक्प्रचार तो राहत नाही. वाद झाला तर दाते-कर्वे यांचाच महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश प्रमाण धरा. एखादा वाक्प्रचार दोन रूपांत रूढ असेल आणि दोन्ही रूपं तिथे दिलेली असतील, तर दोन्ही मान्य.

दुर्मीळ अक्षरांसाठी म्हणी फार कामाला येतात, कारण त्या घरगुती शब्दांनी भरलेल्या असतात. 'उथळ पाण्याला खळखळाट फार' मध्ये थ, ख, ट, फ, ळ, ण सगळे एका ओळीत आहेत, आणि लांबी तेरा. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' मध्ये झ, ठ, ख, च, लांबी दहा. ढ हवा असेल तर 'गाढवाला गुळाची चव काय'. घ साठी 'घरोघरी मातीच्या चुली'. अशा वीस-पंचवीस म्हणी अक्षरांच्या खुणेसह वहीत लिहिल्या की या फेरीत अडायला होत नाही.

*सावधान:* मूठ-मुठी, फूल-फुलाची. शब्दाला प्रत्यय लागला की मधला दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो. 'फूल ना फुलाची पाकळी' लिहिताना पहिला दीर्घ, दुसरा ऱ्हस्व. अक्षरांची संख्या बदलत नाही, पण अशुद्ध उत्तराला पूर्ण गुण देऊ नयेत.

टप्पा ७: संगणकावर यादी करायची असेल तर

हा टप्पा खेळ घेणाऱ्यांसाठी. आपण दिलेल्या अक्षरांचा लांबात लांब शब्द कोणता हे परीक्षकाला आधी माहीत असावं, नाहीतर कोणत्याही उत्तराला टाळ्या पडतात.

शब्दांची यादी लागेल. शुद्धलेखन तपासणाऱ्या मोफत मराठी जोडण्यांबरोबर शब्दांची साधी मजकूर फाइल मिळते. तिच्यात शब्दापुढे तिरकी रेघ आणि काही खुणा असू शकतात, त्या आधी काढून टाका. मग यादी लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये एका स्तंभात चिकटवा.

१. गाळणी लावा: 'यात आहे' ही अट निवडून आधी सर्वात दुर्मीळ अक्षर. उरलेल्या यादीवर दुसरं अक्षर, मग तिसरं. क लिहिलं की का, कि, क्या सगळे सापडतात, कारण आत मूळ अक्षर तेच असतं.

२. स्तंभाची एक प्रत शेजारी करा. खालची सगळी मोडतोड प्रतीवरच करायची.

३. शोधा-बदला उघडून रेग्युलर एक्स्प्रेशनचा पर्याय चालू करा. आधी .् (टिंब आणि त्यापुढे हलन्ताची खूण) शोधून त्या जागी काहीच ठेवू नका. याने सगळी अर्धी अक्षरं जातात.

४. मग [ािीुूृेैोौंःँॅॉ] शोधून तेही काढा. काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार गेले.

५. आता प्रतीतल्या शब्दांची लांबी सूत्राने मोजा आणि त्यावर क्रम लावा. 'राष्ट्रीयीकरण' ची लांबी आधी १३ दिसत होती, आता 'ररयकरण' उरून ६ येते. तीच बरोबर.

तिसरी आणि चौथी पायरी सोडून थेट लांबी मोजली की जोडाक्षरं आणि वेलांट्यांनी भरलेले शब्द उगाच वर येतात. रत्नागिरी-कणकवलीचा घोळ तो हाच.

दोन अडचणी लक्षात ठेवा. 'सुऱ्या', 'कऱ्हाड' यांतला र काही फायलींत वेगळ्या चिन्हाने साठवलेला असतो, त्यामुळे साधा र शोधला तर हे शब्द सुटतात. त्यासाठी र ची गाळणी दोनदा लावा, एकदा र घेऊन आणि एकदा ऱ घेऊन. तसंच 'ॲ' दोन प्रकारे टाइप होतो, दिसायला सारखाच. सगळ्या यादीत एकच प्रकार करून घ्या.

जुने कोश इंटरनेटवर शोधता येतात. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथसंग्रहात आहेत. पण तिथलं लेखन जुनं आहे. 'गाव' तिथे 'गांव' असतं, 'नाव' हे 'नांव', 'गती' ही 'गति', 'कवी' हा 'कवि'. आजचं लेखन १९६२ च्या आणि त्यानंतरच्या नियमांप्रमाणे आहे. म्हणून शब्द सापडला नाही तर अनुस्वार घालून आणि शेवटची वेलांटी ऱ्हस्व करून पुन्हा शोधा, आणि सापडलेला शब्द आजच्या लेखनात आणून मगच यादीत घाला. कोशाच्या सुरुवातीला दिलेला वर्णक्रमही एकदा बघून घ्या. क्ष, ज्ञ आणि ळ कुठे लावले आहेत, हे प्रत्येक कोशात सारखं नसतं.

टप्पा ८: पडताळणी आणि निकाल

उत्तर तोंडी घेऊ नका, चिठ्ठीवर घ्या. चिठ्ठीवर शब्द, त्याखाली अक्षरं सुटी करून आणि शेवटी आकडा, असं तिन्ही लिहून मागा:

निष्काळजीपणा
नि / ष्का / ळ / जी / प / णा
६

सुटी अक्षरं लिहिताना मुलाला स्वतःलाच चूक दिसते.

परीक्षक दोन हवेत. एक दिलेल्या अक्षरांवर खुणा करेल, दुसरा लांबी मोजेल. दोन्ही कामं एकाने केली की मोजताना एखादं अक्षर सुटतंच.

शुद्धलेखन शेवटी बघा, पण बघाच. काही शब्दांत ते थेट अक्षरांवर परिणाम करतं. 'उज्ज्वल' मध्ये ज दोनदा आहे, 'उज्वल' असं लिहिणाऱ्याला तो एकदाच मिळतो. 'महत्त्वाकांक्षा' मध्ये त दोनदा. 'आशीर्वाद' मध्ये रफार व वर आहे, तो श वर गेला की शब्दच चुकला. अक्षर दोनदा मागितलेल्या फेरीत याच शब्दांवर निकाल फिरतो.

बरोबरी झाली तर काय, हेही आधी सांगा. आधी चिठ्ठी दिली तो पुढे, हा नियम मुलांना घाई करायला लावतो. त्यापेक्षा समान लांबीच्या शब्दांत जो बाकी कुणीच लिहिला नाही त्याला एक गुण जास्त द्या. मग 'निष्काळजीपणा' पाच जणांनी लिहिला असेल आणि एखादीने 'कनवाळूपणा' लिहिला असेल, तर ती पुढे जाते.

नाकारलेले शब्द फेकू नका. तारीख, गट आणि कारणासह एका पानावर उतरवा, आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयातल्या संदर्भ विभागात जाऊन कोशात बघून घ्या. शब्द खरा निघाला तर ज्याने तो सांगितला त्याला बोलावून सांगा आणि त्याचे गुण पुढच्या फेरीत जमा करा.